मिसिसिपीच्या काठावरचा नकाशा: नावं कुणाची, झाडं कुणाची?

ऐकता ऐकता फोनवर एक नकाशा उघडा. 'नॉर्मन्स चार्ट, १८५८' असं शोधा, लगेच सापडेल. अमेरिकेतल्या लुइझियानात मिसिसिपी नदीच्या दोन्ही काठांवरचे उसाचे आणि कापसाचे मळे यात आहेत. काढलाय पर्साक नावाच्या फ्रेंच चित्रकाराने, आणि दिसायला खरंच सुंदर आहे.

आता झूम करा. जमिनीचे तुकडे कसे पट्ट्यांसारखे दिसतात बघा. नदीकडे तोंड अरुंद आणि मागे दलदलीपर्यंत लांबच लांब. ही फ्रेंच राजवटीतली पद्धत. तेव्हा नदी हाच रस्ता, म्हणून प्रत्येकाला थोडा तरी काठ हवा. आणि प्रत्येक पट्टीवर मालकाचं नाव. थोडक्यात, अख्ख्या नदीचा सातबाराच म्हणा ना!

पण ऊस तोडणारे, रात्र रात्र रस उकळणारे हजारो गुलाम? त्यांचं एकही नाव नाही. मालकाच्या हिशेबात ते माणसं नव्हतेच, मालमत्ता होते.

मग त्यांचा माग कुठे लागतो? तर दुसऱ्या नकाशांवर. १८७० च्या दशकात नदीची सरकारी मोजणी झाली. त्या नकाशांत झाडी, बांध, झोपड्या, सगळं बारकाईने टिपलंय. मळ्यात जिथे माणसं पुरली होती तिथे पुष्कळदा नांगर घातला जात नसे. त्यामुळे सपाट शेतात मध्येच झाडांचं एक छोटं बेट उरायचं. जुन्या हवाई फोटोंतही अशी बेटं दिसतात. ज्यांची त्या नकाशावर नोंद नाही त्यांची खूण झाडांनी ठेवली, हे मला फार लागलं.

आज याच काठावर, बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स, जुन्या मळ्यांच्या जागी रासायनिक कारखान्यांची रांग आहे. सेंट जेम्स भागात तैवानच्या फोर्मोसा कंपनीला प्रचंड प्लास्टिक कारखाना काढायचा होता. जुन्या नकाशांच्या आधारे शोध घेतला, तर त्या जागेत बुएना व्हिस्ता मळ्याची दफनभूमी निघाली. कंपनी म्हणाली, ही थडगी गुलामांचीच हे सिद्ध झालेलं नाही.

गावकऱ्यांच्या 'राइज सेंट जेम्स' या संघटनेला तिथे प्रार्थना करायची होती. कंपनीने नकार दिला. लोक कोर्टात गेले, कोर्टाने परवानगी दिली. १९ जून २०२०, म्हणजे गुलामीच्या अंताची आठवण म्हणून पाळला जाणारा 'जूनटीन्थ'. त्या दिवशी लोक तिथे जमले आणि त्यांनी प्रार्थना केली.