दार बंद असतानाचा आकडा



कोल्हापुरात आपलं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षाने गावाचं कौतुक सांगावं असा रिवाज आहे. अंबाबाई, तालमी, तांबडा-पांढरा या गोष्टी माझ्याकडून कळायच्या कुणाच्या राहिलेल्या नाहीत, तेव्हा तो भाग सोडतो. कौतुक करायचंच तर शिवाजी उद्यमनगराचं करीन. मोडलेला भाग समोर ठेवायचा, बोटांनी चाचपायचा आणि तसाच, कधी त्याहून चांगला, घडवून द्यायचा ही इथल्या मिस्त्रींची विद्या. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथले कितीतरी कारखाने त्या विद्येवर उभे राहिले. पण आजचा विषय असा आहे की तिथे हाताची विद्या पुरत नाही. शॉर्टसर्किटचा प्रवाह चाचपून बघता येत नाही. तो घडण्याआधी कागदावर काढावा लागतो, आणि घडल्यानंतर मोजायला सहसा काही उरत नाही.

मोटर ड्राइव्हची शॉर्टसर्किट क्षमता हा विषय ठरला तेव्हा स्वागत समितीतच एकाने विचारलं, ‘त्यावर दोन दिवस काय बोलणार? नेमप्लेटवर लिहिलेलं असतंय की.’ असतं खरं. पण तो आकडा एकट्या ड्राइव्हचा नसतो, एवढंच मला आज सांगायचं आहे. त्यात ट्रान्सफॉर्मर असतो, केबल असते, फ्यूज असतो, पॅनेलचा पत्रा असतो आणि रात्रपाळीचा वायरमनही असतो. ही सगळी खाती एरवी एकमेकांना पत्रानेच भेटतात. आज ती एका मांडवात आहेत, म्हणून स्वागत मानपानाच्या क्रमाने न करता प्रवाहाच्या वाटेने करतो.

पहिलं स्वागत महावितरणचे अभियंते आणि ट्रान्सफॉर्मरवाले यांचं. हिशेब सोपा आहे. हजार केव्हीएचा, ४३३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण भाराला साधारण १,३३३ अँपिअर देतो. त्याचा इंपिडन्स ५ टक्के असेल, तर त्याच्या टर्मिनलवर शॉर्टसर्किट झाल्यावर प्रवाह वीसपट होतो, म्हणजे सुमारे २६,७०० अँपिअर. पाचशे केव्हीए असता तर निम्मा, सव्वातेरा हजारांच्या आसपास. हजाराचे दोन समांतर जोडले तर ५३ हजार. आता आपल्याकडे काय होतं बघा. फौंड्री वाढते, सँड प्लँट नवा येतो, लोड मंजूर होतो, जुना पाचशेचा ट्रान्सफॉर्मर जाऊन हजाराचा येतो. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. खाली शेडमधलं पॅनेल तेच, नेमप्लेट तीच. पंधरा केए लिहिलेलं ते पॅनेल त्या दिवसापासून कमी पडतं, आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही, कारण त्या दिवशी पॅनेलला कुणी हातच लावलेला नसतो.

यात मोटरींचं देणं मी धरलेलं नाही. डीओएलवर चालणाऱ्या मोठ्या मोटरी शॉर्टसर्किटच्या पहिल्या क्षणी जनरेटरसारख्या उलटा प्रवाह देतात, आपल्या पूर्ण भाराच्या चार ते सहा पट. साध्या डायोड रेक्टिफायरच्या ड्राइव्हवरच्या मोटरीला ती वाट बंद असते. ड्राइव्ह जितके वाढतील तितकी ही भर कमी, हा एक फायदा कुणी जाहिरातीत छापत नाही.

केबलवाल्यांचं स्वागत थोडक्यात करतो, पण त्यांना कमी लेखून नव्हे. त्याच हजार केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरपासून २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल पन्नास मीटर ओढली, तर पलीकडच्या टोकाला सव्वीस हजारांचे साधारण सहा हजारच उरतात. फॉल्ट लेव्हल जागेनुसार बदलते. तरी आपल्या टेंडरांत कारखान्यातल्या झाडून सगळ्या पॅनेलना सरसकट ५० केए लिहिलेलं असतं. सल्लागार मंडळी पुढच्या रांगेत आहेत, त्यांचंही स्वागत. एक तक्रार मात्र आत्ताच मांडतो. ड्राइव्हच्या फीडरसमोर ‘टाइप टू कोऑर्डिनेशन’ लिहिणं आता आवरा. ती भाषा कॉन्टॅक्टरच्या, स्टार्टरच्या आणि सॉफ्ट स्टार्टरच्या प्रमाणकातली आहे. ड्राइव्हचं प्रमाणक ६१८००-५-१ हे वेगळं, आणि त्यातला प्रश्नही वेगळा.

तो प्रश्न कोणता, हे अमेरिकेला पॅनेल पाठवणाऱ्या मंडळींना नीट ठाऊक आहे. तिथल्या विद्युत संहितेत २००५ साली कलम ४०९ आलं आणि औद्योगिक कंट्रोल पॅनेलवर शॉर्टसर्किट क्षमता लिहिणं सक्तीचं झालं. उपलब्ध फॉल्ट प्रवाह त्या आकड्याहून जास्त असेल, तर पॅनेल तिथे बसवताच येत नाही. आकडा काढायची रीत यूएल ५०८ए या प्रमाणकाच्या एसबी पुरवणीत दिली आहे, आणि ती निर्दय आहे: पॉवर सर्किटमधला जो भाग सर्वांत कमी क्षमतेचा, तोच अख्ख्या पॅनेलचा आकडा. वर प्रवाह आवरणारा फ्यूज, ब्रेकर किंवा ट्रान्सफॉर्मर असेल तर काही सूट मिळते, तीही नियमात बसवून. ज्या मोटर कंट्रोलरची चाचणीच झालेली नाही, त्याला ५० अश्वशक्तीपर्यंत फक्त ५ केए धरायचे, २०० पर्यंत १० केए. दीड लाखाचा ड्राइव्ह आणि त्याच्या शेजारी कागदपत्र नसलेला एखादा स्वस्त भाग, की पॅनेल आलं पाच हजारांवर. मशीन तिकडे पोचल्यावर स्थानिक निरीक्षकाने दार उघडून तेवढंच वाचलं आणि जोडणी थांबवली, हे इथल्या एकाहून अधिक निर्यातदारांनी सोसलं आहे. त्यांची नावं मी घेणार नाही. उद्याच्या सत्रात ते स्वतः बोलणार आहेत.

तिथल्या ड्राइव्हच्या लेबलावर नुसता आकडा नसतो, एक अख्खं वाक्य असतं. इतक्या व्होल्टपर्यंत, इतक्या अँपिअरपर्यंत, अमुक वर्गाचा आणि तमुक कमाल रेटिंगचा फ्यूज लावला असेल तर. आपण आकडा वाचतो आणि ‘तर’च्या आधी थांबतो. क्लास जे फ्यूजबरोबर १०० केए मिळालेला ड्राइव्ह एमसीसीबीवर तेवढाच राहीलच असं नाही. कधी तो बराच खाली येतो, आणि तेही ठराविक कंपनीच्या ठराविक मॉडेलच्या ब्रेकरबरोबरच. ‘ब्रेकरवर ५० केए आहे ना, मग झालं’ हे वाक्य मी उद्यमनगरात रोज ऐकतो. ब्रेकरवरचे ५० केए म्हणजे तेवढा प्रवाह तो स्वतः तोडू शकतो. तोडेपर्यंत खाली काय गेलं, त्याची हमी त्या आकड्यात नाही.

म्हणून फ्यूजवाल्यांचं स्वागत जरा ऐसपैस करतो. पन्नास हर्ट्झच्या विजेत अर्धी सायकल म्हणजे १० मिलिसेकंद. २५ हजार अँपिअर तेवढा वेळ वाहिले तर प्रवाहाचा वर्ग गुणिले वेळ हा हिशेब ६२ लाख ५० हजार अँपिअर-वर्ग-सेकंद भरतो. ड्राइव्हच्या तोंडाशी असलेला डायोड किंवा थायरिस्टर एवढं सोसत नाही. त्याचं कवच फुटतं, धातूची वाफ होते, आतला दाब दार शोधतो. प्रवाह आवरणारा फ्यूज ऐन शिखर यायच्या आत वितळतो आणि त्या भल्या मोठ्या आकड्याचा अगदी लहान अंश खाली जाऊ देतो. ड्राइव्हची शॉर्टसर्किट क्षमता म्हणतात त्यातला मोठा वाटा खरं तर या पांढऱ्या सिरॅमिकच्या नळकांड्याचा आहे, आणि खरेदी विभागात सगळ्यात आधी घासाघीस होते ती त्याच्याच किमतीवर.

फ्यूजचीही एक अट आहे. त्याला पुरेसा प्रवाह मिळाला तरच तो चपळ असतो. आपल्या साखर कारखान्यांत एकच ड्राइव्ह वर्षात तीन मालक बघतो: हंगामात स्वतःचं टर्बाइन, बंद हंगामात महावितरण, आणि वीज गेली की डीजी. अडीचशे केव्हीएचा डीजी पहिल्या क्षणी तीनेक हजार अँपिअर देईल, आणि काही सायकलींत तो हजारावर घसरेल. अडीचशे अँपिअरच्या फ्यूजला हजार अँपिअर म्हणजे फक्त चौपट. तो वितळायला सेकंद घेतो, आणि तोवर ड्राइव्हच्या आत जाळ चालू राहतो. सेमीकंडक्टरसाठीचे एआर वर्गाचे फ्यूज तर ठराविक प्रवाहाच्या खाली वापरायचेच नसतात, तिथे ते नीट तोडतील याची खात्री नसते. फॉल्ट लेव्हल कमी म्हणजे धोका कमी, हा समज इथे उलटा पडतो. ६१८००-५-१ च्या २०२२ च्या आवृत्तीत कमाल आकड्याबरोबर किमान लागणाऱ्या शॉर्टसर्किट प्रवाहाचाही विचार आला आहे, तो यासाठीच. कारखान्यातल्या आपल्यापैकी कितीजणांनी ड्राइव्हच्या पुस्तिकेतला तो किमान आकडा डीजीच्या आकड्याशी लावून पाहिला आहे, हे मी हात वर करून विचारणार नाही. पाहुण्यांना असं विचारत नाहीत.

आता ड्राइव्ह कंपन्यांचे प्रतिनिधी. आपलं स्वागत, आणि आपल्या विक्री विभागाला एक विनंती. ग्राहकाने शॉर्टसर्किटविषयी विचारलं की ‘साहेब, इनबिल्ट प्रोटेक्शन आहे’ हे उत्तर देऊ नये. मोटरीच्या केबलमध्ये शॉर्ट झाला तर आयजीबीटी साधारण दहा मायक्रोसेकंदांत बंद होतात, हे कौतुकास्पदच आहे. पण ती झाली बाहेर जाणारी बाजू. आत रेक्टिफायरच फुटला किंवा डीसी बसवर शॉर्ट झाला, तर आयजीबीटी काय बंद करणार? तो प्रवाह थेट ट्रान्सफॉर्मरकडून येतो आणि ड्राइव्हच्या इलेक्ट्रॉनिक्सला त्याच्यावर काही अधिकार नसतो.

चाचणी कशी होते हे माझ्या मते प्रत्येक मेंटेनन्स इंजिनिअरने एकदा पाहावं. आपल्या देशात बंगळुरू आणि भोपाळला सीपीआरआय, वडोदऱ्याला एर्डा, अशा ठिकाणी शॉर्टसर्किटच्या प्रयोगशाळा आहेत. अमेरिकी पद्धतीत ड्राइव्ह लोखंडी पेटीत बसवतात, पेटीच्या फटींशी कापूस ठेवतात, पेटी एका लहान फ्यूजमधून अर्थ करतात, आणि प्रवाह सोडतात. नंतर बघतात ते इतकंच: कापूस पेटला नाही ना, दार उडालं नाही ना, अर्थचा फ्यूज गेला नाही ना. ड्राइव्ह चालू राहिला का, हे विचारतही नाहीत. तो मेला तरी चालतं. दाराबाहेर उभा असलेला माणूस वाचला पाहिजे.

इथे पत्र्याचं काम करणाऱ्यांचं स्वागत येतं. ती चाचणी ठराविक आकाराच्या पेटीत आणि दार बंद ठेवून झालेली असते. पुस्तिकेत पेटीचं किमान आकारमान दिलेलं असतं. आपण पत्रा वाचवायला ड्राइव्ह लहान पेटीत कोंबतो, मग तो एप्रिलात तापून ट्रिप होऊ लागतो, मग दार उघडं ठेवून समोर पेडेस्टल फॅन लावतो. हसताय म्हणजे आपल्याकडेही फॅन आहे! त्या फॅनसमोर तो कागदावरचा आकडा लागूच होत नाही. चाचणीतला कापूस जिथे होता, तिथे आता ऑपरेटरची खुर्ची असते.

आणि वायरमन मंडळी, आयटीआय आणि पॉलिटेक्निकचे विद्यार्थी. तुम्हाला मागच्या रांगेत बसवलं ही समितीची चूक आहे, जेवणानंतर पुढे या. रात्री दोनला फ्यूज गेला, स्टोअरला कुलूप आहे, आणि सुपरवायझर म्हणतो लिंक टाक: प्रयोगशाळेत मिळवलेला आकडा टिकतो की जातो, हे त्या मिनिटाला तुमच्या हातात असतं. वरच्या सगळ्या साहेबांनी मिळून घातलेली अट तुम्ही एकट्याने पाळायची असते. स्टोअरची एक किल्ली रात्रपाळीकडे असावी, असा ठराव उद्या मांडला जाणार आहे. त्याला अनुमोदन मी आत्ताच देऊन ठेवतो.

आणखी एक काम याच परिषदेत सुरू व्हावं. अमेरिकेच्या संहितेत २०११ पासून नियम आहे की इमारतीच्या मुख्य विद्युत पुरवठ्याच्या उपकरणावर कमाल फॉल्ट प्रवाह आणि तो काढल्याची तारीख लिहायची, आणि पुरवठ्यात बदल झाला की पुन्हा काढायची. घरगुती जोडण्यांना ते लागू नाही. आपण कायद्याची वाट न बघता हे करू शकतो. रंगाचा डबा आणि स्टेन्सिल, एवढाच खर्च आहे.

प्रवेशद्वाराजवळच्या चहाच्या टेबलावर छापील कागद ठेवले आहेत. आपल्या ट्रान्सफॉर्मरचे केव्हीए, नेमप्लेटवरचा टक्के इंपिडन्स, ड्राइव्ह पॅनेलपर्यंतच्या केबलची लांबी आणि जाडी, डीजीचे केव्हीए, एवढंच लिहून दुपारी साडेतीनच्या आत पेटीत टाका. नाव, कंपनी काही लिहू नका, नुसता नंबर टाका. पॉलिटेक्निकची मुलं संध्याकाळपर्यंत प्रत्येक कागदावर कमाल आणि किमान असे दोन आकडे काढून तो परत देतील. ज्यांना इंपिडन्स पाठ नाही, त्यांनी आत्ता कारखान्यात फोन करून नेमप्लेटचा फोटो मागवा. परिषदाध्यक्षांचं भाषण सुरू व्हायला अजून पाच मिनिटं आहेत.