प्रयोगवहीतला आकडा



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आम्हांला गणित शिकवले. उत्तर बरोबर असले तरी रीत लिहिलेली नसेल तर ते गुण देत नसत. हा काटेकोरपणा तेव्हा जाचक वाटे. त्याचे मोल मला औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेताना कळले. आज त्याविषयीच आपल्याशी बोलावे, असे मी ठरविले आहे.

आमचे बिऱ्हाड बरकतपुऱ्यात होते. औषधनिर्माणशास्त्र शिकून मुलगी औषधांचे दुकान काढील, अशी घरच्यांची समजूत होती. हैदराबाद हे मात्र औषधे बनविणाऱ्यांचे शहर. १९६१ साली स्थापन झालेल्या 'इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स' या सरकारी कंपनीचा कारखाना येथे बालानगरला उभा राहिला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून डॉक्टरेट मिळविलेले अंजी रेड्डी काही काळ त्याच कंपनीत होते. पुढे १९८४ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. अशा शहरात औषधनिर्माणशास्त्र शिकायला मिळणे हे मी माझे भाग्यच समजते.

चार वर्षांत वनस्पतींची मुळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, मलमे घोटली, गोळ्या पाण्यात विरघळायला किती वेळ लागतो तेही मोजले. तथापि खरे शिक्षण एका दुपारी झाले. ॲस्पिरिनच्या गोळ्यांत औषधाचे प्रमाण किती, हे काढायचे होते. वीस गोळ्या वजन करून कुटायच्या, ठराविक अल्कलीत उकळायच्या आणि उरलेली अल्कली आम्लाने मोजायची, अशी त्याची रीत. लेबलावरील प्रमाणाच्या ९५ ते १०५ टक्के औषध मिळाले तर गोळी उत्तीर्ण. माझे उत्तर ९१ आले. प्रयोग पुन्हा करायला वेळ नव्हता. मी ब्युरेटवरील आकडा थोडा बदलला आणि वहीत ९८ टक्के लिहिले.

बाईंनी वही पाहिली, मग ब्युरेट पाहिली. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "गोळीत औषध कमी असेल किंवा तुझा हात चुकला असेल. दोहोंपैकी काय खरे, ते आता कधीच कळणार नाही. तू शोधाची वाटच बंद केलीस."

मी खजील झाले. पण त्या बोलण्याचे गांभीर्य कळले ते औषधांचा इतिहास वाचताना. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रवाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने चौदा रुग्णांचा बळी घेतला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात, खोकल्याच्या औषधातून तेच विष लहान मुलांच्या पोटात गेले. छिंदवाड्याकडील कित्येक मुलांना उपचारांसाठी नागपुरास आणले होते.

हा द्रव ग्लिसरीनसारखाच रंगहीन, दाट आणि गोड असतो. डोळ्यांना, जिभेला फरक कळत नाही. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर तो कळतो. ग्लिसरीनमध्ये त्याचे प्रमाण ०.१ टक्क्याहून अधिक असू नये, असा दंडक आहे. तो पाळला गेला की नाही, हे केवळ प्रयोगशाळेत उमगते. पिंपावरचे लेबल पाहून "तपासले" असे लिहिणारा मनुष्य मारेकरी नसतो. बहुधा त्यालाही त्या दुपारी माझ्यासारखीच घाई झालेली असते.

रुग्ण डॉक्टरला पाहतो, दुकानदाराला पाहतो. औषध तपासणाऱ्याला तो कधीच पाहत नाही. तरीही आई मध्यरात्री मुलाच्या तोंडात चमचा घालते, ती त्या अनोळखी माणसाच्या सहीवर विसंबून. त्या सहीमागे प्रयोग झालेला असावा, एवढीच तिची अपेक्षा असते.

समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे इतकेच: तुम्ही कोणतीही विद्या घ्या, उत्तर चुकले तर चुकलेलेच लिहा. चुकलेला आकडा दुरुस्त करता येतो, खोटा आकडा दुरुस्त करता येत नाही. आमचे गुरुजी रीत का मागत होते, हे समजायला मला बरकतपुऱ्यातून निघून प्रयोगशाळेपर्यंत जावे लागले. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेते.