ट्रॅक्टर धुताना एअर क्लीनर सांभाळा
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा अध्यापक. पेरणी, आंतरमशागत, खते हे माझे विषय. तरीही आज ट्रॅक्टर धुण्याविषयी बोलणार आहे, आणि त्याला कारण आहे. रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात उरकावी, अशी आपल्याकडे शिफारस आहे. खंडेनवमी व दसरा बहुधा याच दिवसांत किंवा त्याच्या लगत येतात. पावसाळाभर चिखलाने माखलेला ट्रॅक्टर पूजेसाठी घासूनपुसून काढला जातो. त्या वेळी एअर क्लीनरमध्ये पाणी शिरले, तर हार सुकायच्या आत ट्रॅक्टर गॅरेजमध्ये जातो आणि कोरडवाहू रानातली ओल उडून जाते.

इंजिनला हवा किती लागते, याचा साधा हिशेब करू. २,५०० सी.सी.चे इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांनी चालत असेल, तर ते मिनिटाला सुमारे २,५०० लिटर हवा ओढते. तासाला दीड लाख लिटर! ही सारी हवा एकाच तोंडातून आत जाते. त्यावरची टोपी वरून पडणाऱ्या पावसासाठी केलेली असते. पाईपचा फवारा मात्र बाजूने आणि खालून येतो. त्याला ती टोपी अडवू शकत नाही.

बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरना ऑईल बाथ पद्धतीचा एअर क्लीनर असतो. हवा मधल्या नळीतून खालच्या वाटीतील तेलावर आपटते, धूळ तेलात बसते आणि हवा तारेच्या जाळीतून वर जाते. या वाटीत पाणी गेले, की ते तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि तेल खुणेच्या वर चढते. इंजिन सुरू होताच हे तेल जाळीतून वर ओढले जाते. डिझेल इंजिन तेही जाळते. असे इंजिन कधी कधी डिझेल बंद केले तरी थांबत नाही, त्याचा वेग वाढतच जातो. हा प्रकार फार धोक्याचा आहे.

कोरड्या पद्धतीत कागदी फिल्टर असतो. तो भिजला, की त्यातून हवा नीट जात नाही, धूर काळा येतो, ओढ कमी होते. भिजलेला कागद फाटला, तर धूळ सरळ आत जाऊन रिंगा व लायनर घासते. आणि पाणी थेट सिलिंडरमध्ये पोहोचले तर? डिझेल इंजिन हवेला दाबून सुमारे सोळाव्या-अठराव्या हिश्श्यावर आणते. हवा दबते, पाणी दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून धुण्यापूर्वी इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. हवेच्या तोंडावर खताच्या गोणीतली स्वच्छ प्लॅस्टिक पिशवी घालून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट आवळावी. वाटीचे क्लिप व नळीचे क्लॅम्प पाहून घ्यावेत. उभा सायलेन्सर असेल, तर त्यावर डबा पालथा घालावा. चिखल आधी भिजवून मऊ करावा, म्हणजे जोराच्या फवाऱ्याची गरजच कमी पडते. सर्व्हिसिंग सेंटरवर ट्रॅक्टर नेला, तर स्वतः उभे राहावे. तिथल्या पोराला घाई असते. एअर क्लीनर, डायनॅमो, स्टार्टर आणि ऑईलची दांडी यांवर फवारा मारू देऊ नये. तो भाग ओल्या फडक्याने पुसावा.

पिशवी बांधली, की एक चिंधी स्टिअरिंगला बांधावी. पिशवी काढल्याशिवाय चिंधी सोडायची नाही. विसरलेली पिशवी इंजिन आत ओढते.

धुऊन झाल्यावर, सुरू करण्यापूर्वी, वाटी उघडून पाहावी. तेल दुधाळ दिसले किंवा पातळी वाढली असेल, तर ते टाकून वाटी व जाळी डिझेलने धुवावी, निथळू द्यावी आणि नवे इंजिन ऑईल खुणेपर्यंतच भरावे. भिजलेला कागदी फिल्टर चुलीशी शेकवू नये, हवाही मारू नये, नवा बसवावा. वाटीच्या पुढे नळीतही ओल दिसली, तर स्टार्टर मारू नये, ट्रॅक्टर ओढूनही सुरू करू नये. इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढावे लागते. ते काम मेकॅनिकचे आहे.

आता मोटारसायकल. चिखलातल्या शर्यतीच्या डर्ट बाईक चालवणारे धुण्यापूर्वी फिल्टर काढून त्या डब्याच्या तोंडावर झाकण बसवतात. आपल्याला तेवढे नको. सीटखालच्या किंवा बाजूच्या झाकणाच्या फटीवर फवारा धरू नये, सायलेन्सरच्या तोंडात चिंधीचा बोळा घालावा आणि सुरू करण्यापूर्वी तो आठवणीने काढावा. फिल्टरच्या डब्याखाली पाणी निथळायची छोटी नळी असेल, तर ती चिखलाने बुजलेली नाही ना, हे पाहावे. फिल्टर स्पंजचा असून भिजलाच, तर पिरगाळू नये. तळहातांत दाबून पाणी काढावे, सावलीत पूर्ण वाळवावे आणि तेलाचा हलका हात देऊन मगच बसवावे.