मुळांची ओढ सांगणारा काटा

औंधच्या यमाईच्या डोंगरावरून दिसतं ते खटावचं पर्जन्यछायेतलं रान. इथं पाणी कधी द्यायचं, हा रोजचा प्रश्न. त्यासाठी टेन्शियोमीटर आहे: पाण्यानं भरलेली हवाबंद नळी, खाली सच्छिद्र चिनीमातीची कुपी, वर काटा. कुपी मुळांच्या खोलीवर बसवायची. माती सुकली की ती कुपीतून पाणी ओढते आणि काटा चढतो. मुळांना किती जोर लावावा लागतोय, हेच तो सांगतो! शून्याजवळ रान चिंब. सुमारे 80 सेंटिबारनंतर नळीत हवा शिरते, मग नळी पुन्हा पाण्यानं भरावी लागते.

दुसरी नळी मुळांच्या खाली बसवा. ठिबक चालू असताना तिचाही काटा उतरला, तर पाणी खाली झिरपतंय, आणि त्याबरोबर विकत घेतलेल्या खतातलं नायट्रेटही.