पास झालं, पण आपल्यापाशी आलं का?

 

आज आपण एका शब्दाविषयी बोलू. शब्द इंग्रजी आहे, पण शाळेत न गेलेली आजीसुद्धा तो रोज बोलते. तो शब्द म्हणजे ‘पास’.

मोजून बघा. पोरगी दहावी पास झाली. शाळेत जायला तिचा एसटीचा पास काढला. गटाचं कर्ज पास झालं. घरकुलाचा हप्ता पास झाला. ग्रामसभेत ठराव पास झाला. ट्रॅक्टर कुठल्या पासिंगचा, तर एमएच ३३, म्हणजे आपल्या गडचिरोलीचा. बँकेचं पासबुक, मोबाइलचा पासवर्ड, गावाबाहेरून जाणारा बायपास, पारावरच्या माणसांचा टाइमपास. बांबूची गाडी नाक्यावर आली की विचारतात, पास आहे का? आणि पत्ते खेळणारी पोरं हातात बरी पानं नसली की म्हणतात, मी पास!

शब्द एकच, पण शाळेत त्याचा अर्थ उत्तीर्ण, एसटीत सवलतीचा कागद, बँकेत मंजुरी, नाक्यावर परवाना आणि पत्त्यांत ‘माझी पाळी जाऊ द्या’. एकाच शब्दाला इतके अर्थ कसे फुटले?

या शब्दाचं मूळ लॅटिन भाषेत आहे. तिथे त्याचा अर्थ होता पाऊल. पावलावरून आलं ओलांडून पुढे जाणं, आणि मग फ्रेंच भाषेतून तो इंग्रजीत गेला. आता बघा कसं जुळतं. परीक्षा ओलांडली ती पास. दारातून, नाक्यातून पुढे जाऊ देणारा कागद तो पास. गाव बाजूला ठेवून पुढे जाणारा रस्ता तो बायपास. वेळ नुसता पुढे जाऊ द्यायचा तो टाइमपास.

पण बायांनो, आपला स्वतःचाही एक ‘पास’ आहे, आणि तो इंग्रज यायच्या फार आधीचा आहे. संस्कृतात ‘पार्श्व’ म्हणजे कूस, बाजू. त्यातून आपले पाशी, पासून, आसपास हे शब्द आले. चुलीपाशी, विहिरीपाशी, आईपाशी. हिंदीत म्हणतात ‘मेरे पास’. आपल्या तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेली बंगाली कुटुंबं आहेत. त्या घरातल्या बहिणीही शेजारी, बाजूला म्हणायचं असलं की ‘पाशे’ म्हणतात. म्हणजे आपला पास जवळचा. इंग्रजी पास पुढे चाललेला.

हा फरक आज सांगायचं कारण असं, की आपण गटांच्या बैठकांना जातो तेव्हा ‘पास झालं’ हे ऐकून बाया निश्चिंत होतात. इंग्रजी पास म्हणजे कागदाने एक पाऊल टाकलं, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला. तो आपल्यापाशी आला असं त्यातून होत नाही. मधे आठ दिवस जातात, कधी महिने जातात, आणि या मधल्या काळातच बाया फसतात. म्हणून जिथे पास हा शब्द येईल तिथे दोन प्रश्न विचारायची सवय लावायची. पास कोणी केलं? आणि आपल्यापाशी कधी येणार?

आधी कर्जाचं बघू. बैठकीत कोणी येऊन सांगतं, तुमचं कर्ज पास झालं. लगेच एक जण शेळ्या घ्यायचं ठरवते, दुसरी रोवणीच्या मजुरीचा हिशेब मांडते, तिसरी दुकानदाराला शब्द देऊन येते. बँकेच्या भाषेत मात्र पास म्हणजे फक्त मंजुरी. त्यानंतर करारावर सह्या होतात, कर्जखातं उघडतं, मग रक्कम उचलता येते. तेव्हा त्याच बैठकीत विचारून घ्यायचं : रक्कम किती मंजूर झाली? व्याज किती टक्के? हप्ता किती आणि कधीपासून? पैसे कोणत्या खात्यात येणार? उत्तरं ठराव वहीत लिहून ठेवायची.

बऱ्याच गटांचं कर्ज सीसी म्हणजे कॅश क्रेडिटचं असतं. समजा, ३ लाखांची मर्यादा पास झाली आणि गटाने १ लाखच उचलले, तर व्याज १ लाखावर लागतं. ‘पास झालंच आहे तर सगळं काढून घ्या’ असं कोणी म्हटलं म्हणून काढायचं नाही. जेवढी गरज, जेवढी फेडायची ताकद, तेवढंच काढायचं.

आणि हे लक्षात ठेवा. १९९२ साली नाबार्डने ५०० गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला. त्यात मोठी गोष्ट ही होती, की ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्या बायांनाही त्यांच्या बचतीच्या आणि परतफेडीच्या शिस्तीवर कर्ज मिळू लागलं. आजही उमेदच्या गटांना १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, आणि त्यासाठी गटाच्या बचत खात्यातली रक्कमही अडकवून ठेवायची नाही, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. म्हणून ‘कर्ज पास करून देतो, आधी थोडे पैसे द्या’ असं म्हणणारा दारात आला, तर त्याला बसायला पाट देऊ नका. तुमची वही नीट असेल तर तीच तुमचं कर्ज पास करते.

आता पासबुक. हे पुस्तक बँक आणि खातेदार यांच्यामध्ये ये-जा करतं, म्हणून त्याचं नाव पासबुक. ते कुणाच्या पिशवीत, कुणाच्या कपाटात महिनोन्‌महिने पडून असेल, तर त्याचं काम थांबलं. गटाचं पासबुक प्रत्येक बैठकीत सतरंजीवर सगळ्यांच्या मधे उघडं ठेवायचं. वाचता येणाऱ्या एकीने शेवटची शिल्लक मोठ्याने वाचायची. तसंच आपलं स्वतःचं पासबुक आपल्या ट्रंकेत ठेवायचं. नवऱ्यावर, भावावर विश्वास असतोच, पण पुस्तकावर नाव तुमचं आहे.

पासबुक सगळ्यांसमोर ठेवायचं, पण पासवर्ड कुणालाच दाखवायचा नाही. जुन्या काळी किल्ल्याच्या दारावर रात्री पहारेकरी परवलीचा शब्द विचारायचा. तो ज्याला ठाऊक त्यालाच आत सोडायचा. पासवर्ड, एटीएमचा पिन, मोबाइलवर येणारा ओटीपी हे आजचे परवलीचे शब्द. आपल्याकडे अनेक बाया अंगठा लावून पैसे काढतात. तो अंगठाही परवलीचाच. ‘झालं नाही, पुन्हा लावा’ असं म्हटलं, तर आधी पावती मागायची, मोबाइलवरचा मेसेज कुणाकडून तरी वाचून घ्यायचा. पहिल्याच वेळी पैसे निघाले असतील तर दुसरा अंगठा दुसरे पैसे काढेल.

आता घरातल्या पोरीबाळींचा पास. दहावीला १०० पैकी ३५ गुण पडले की पास. आणि ३२ पडले तर? तर आपण म्हणतो नापास. गंमत बघा, इंग्रजीत ‘नापास’ असा शब्दच नाही. पास त्यांच्याकडून घेतला, पुढचा ‘ना’ आपण लावला. आणि तो ‘ना’ एका गणिताच्या पेपराला लावायच्या ऐवजी अख्ख्या पोरीला लावून टाकला. निकालाच्या दिवशी ‘पोरगी नापास’ एवढं बोललं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : आता स्थळ बघा. तीन गुणांसाठी पोरीची सगळी वाट बंद होते.

ती बंद होऊ द्यायची नाही. राहिलेल्या विषयासाठी त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. शाळा मधेच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून, खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी आणि बारावी देता येते. नंतर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, तिथे घर सांभाळून बी. ए. करता येतं. फॉर्मच्या तारखा शाळेत विचारून गटाच्या बैठकीत सांगायच्या. आणि १८ वर्षांच्या आत पोरीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे, हेही सांगायचं.

ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ही योजना आहे. पण इथेही आपला दुसरा प्रश्न विचारायचा. पास मिळाला, पण बस आपल्या गावापाशी येते का? शाळेच्या वेळेला येते का? नसेल येत, तर गटाने आणि ग्रामसभेने आगाराला तसं लेखी द्यायचं.

शेवटी जंगलाकडे येऊ. आपण जंगलातली माणसं. मोहफूल, तेंदूपत्ता, बांबू यांवर कितीतरी घरं चालतात. पण बांबू तोडला तरी तो बाहेर न्यायला वाहतूक पास लागतो. हा कागद ज्याच्या हातात, माल त्याच्या हातात.

आपल्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा-लेखा हे गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असं म्हणणारं. देवाजी तोफा हे तिथलं जाणतं नाव. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं. त्या कायद्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. म्हणजे हक्क पास झाला. पण वाहतूक पासाचं पुस्तक वन विभागाकडेच होतं, आणि पासाशिवाय बांबू विकायचा कसा? गाव मागे हटलं नाही. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे २०१२ मध्ये नियमच बदलले : गौण वनोपजाचा वाहतूक पास ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देऊ शकते. हक्काचा कागद मिळाल्यापासून पासाचं पुस्तक गावापाशी येईपर्यंत मधे वर्षं गेली, आणि ती गावाने झगडून काढली.

त्याच वनहक्काच्या नियमांत आपल्यासाठी एक ओळ आहे. ग्रामसभेला निम्मे सभासद हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. म्हणजे बाया आल्या नाहीत तर वनहक्काचा ठराव पासच होत नाही. नंतर कोणी वही घेऊन घरोघर फिरून सही-अंगठा मागत असेल, तर विचारा, सभा कधी झाली आणि ठराव काय? वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही.

इथे तो पत्त्यांतला पास आठवतो. ग्रामसभेत विचारतात, बायांचं काय म्हणणं? आणि आपण पदर सावरत एकमेकींकडे बघतो. म्हणजे न बोलता ‘मी पास’ म्हणतो. पाळी पुढे जाते, आणि आपल्या पाण्याचा, आपल्या मोहाचा, आपल्या रस्त्याचा ठराव दुसरे करतात. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. तिथे आपसात बोलून घ्या, कोण काय मांडणार ते ठरवा, आणि सभेत दोघीतिघी मिळून उठा. एकटीला भीती वाटते, तिघींना कमी वाटते.

तर बायांनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. ठराव वहीच्या एका पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा, काय काय पास झालं : कर्ज, घरकुल, वनहक्क, एसटीचा पास. उजवीकडे लिहा, त्यातलं काय आपल्यापाशी आलं. उजवीकडची जी जागा रिकामी राहील, ते त्या महिन्याचं काम. कोणी जायचं, कोणत्या कार्यालयात, कोणत्या दिवशी, हे तिथेच ठरवा. आणि एकटीने जाऊ नका, दोघी जा.