बंधारा कुठं बांधायचा, हे कोण ठरवणार?

आज बचतीचा नाही, पाण्याचा हिशोब सांगणार आहोत.

आमचे पाडे मोखाड्याच्या डोंगरात. पावसाळ्यात चार महिने नुसता धो धो पाऊस, आणि होळी झाली की आम्ही ओहळात डवरे खणून वाटीवाटीनं हंडा भरतो. दोन वर्षांपूर्वी ओहळावर सिमेंटचा बंधारा मंजूर झाल्याचं कळलं. आनंदच झाला. गटातल्या बायांनी कागदावर सह्या केल्या, अंगठे दिले. कागद वाचला कुणीच नाही. आमच्यात एक बीए झालेली आहे, तिनंही नाही.

मग चुन्याची आखणी झाली. ती बघून आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "इथं पाणी ठरायचं नाय. खडकाला भेग हाय. इथं कधी डवरा लागलाय का?" खरंच, त्या जागी आजवर कुणाला डवरा लागला नव्हता.

आमचा भाग अनुसूचित क्षेत्रातला. इथं १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि आपल्या राज्याचे त्याचे नियम २०१४ साली आले. गावात विकासाची योजना सुरू करण्याआधी ग्रामसभेची मंजुरी लागते. लहान तळी, बंधारे यांचं नियोजनही पंचायतीच्या पातळीवरच व्हायचं असतं. शिवाय नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. आमच्याकडे ती बहुतेक वेळा रजिस्टरातच व्हायची!

यावेळी आम्ही ती खरोखर भरवली. अंगणात तांदळाच्या पिठानं ओहळ काढला. कुठला डवरा होळीपर्यंत टिकतो, कुठला अखातीपर्यंत, कुठला मिरग लागेपर्यंत, तिथं तिथं खडे ठेवले. शेवटपर्यंत टिकणारे तीनच निघाले, तिन्ही वरच्या वळणाला. बंधारा तिथं हवा, असा ठराव लिहिला, वाचून घेतला आणि मगच सह्या केल्या.

ग्रामसभेत एकजण म्हणाला, "हे इंजिनियरचं काम, बायांचं नाही." आम्ही म्हटलं, मग इंजिनियरलाच बोलवा. तो आला. तरुण पोरगा, दोन तास आमच्यासोबत ओहळातून चालला. आमची जागा बघून म्हणाला, पाणी आहे, पण दोन्ही काठ मातीचे आहेत, पहिल्याच पुरात बंधारा बाजूनं फुटेल. ते आम्हाला ठाऊक नव्हतं. शेवटी थोडं खाली, जिथं दोन्ही बाजूंनी कातळ आहे, ती जागा ठरली. आखणी बदलायला आठ महिने गेले. तोवर हंडे डोक्यावरच होते.

यंदा मे महिन्यातही बंधाऱ्यात गुडघाभर पाणी होतं. पिण्याचं पाणी पुरेपर्यंत मोटर लावायची नाही, हा नियम ग्रामसभेनं केला. तो मोडणारा पहिला माणूस आमच्याच गटातल्या बाईचा नवरा. दंड तिनंच भरला, आणि घरी काय झालं ते ती सांगत नाही.

पण एक गोष्ट राहिली. ओहळाच्या खालच्या अंगाला कातकरी वाडी आहे. त्यांचा डवरा यंदा लवकर आटला. बंधाऱ्यामुळं की कमी पावसामुळं, त्यावर भांडण चालू आहे. आम्हाला न विचारता आखणी झाली म्हणून आम्ही रागावलो होतो, आणि पिठाचा ओहळ काढताना आम्हीही त्यांच्या बायांना बोलावलं नव्हतं. पुढची महिला सभा त्यांच्याच वाडीत ठेवली आहे. पीठ आणि खडे घेऊन आम्हीच खाली जाणार आहोत.