मोडलेल्या माळवदाचे लाकूड कुणाच्या घरी जाते?

(जिल्हा बैठकीत केलेली मांडणी)



कापसाच्या भावाबद्दल बोलून झाले, ज्वारीबद्दल बोलून झाले. आता थोडा वेळ घराबद्दल बोलायचे आहे. कुणी म्हणेल, शेतकऱ्यांच्या चळवळीत घरबांधणीचा विषय कशाला? कारण सरळ आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या कर्जाची वही उघडली की बी-बियाणे आणि खतांच्या पलीकडे तीन मोठ्या रकमा दिसतात. दवाखाना, लग्न आणि घर. दवाखाना आपल्या हातात नाही. लग्न अर्धेमुर्धे हातात आहे. घर पुष्कळसे आपल्या हातात आहे, आणि नेमके तेच आपण डोळे झाकून दुसऱ्याच्या हाती देतो.

बार्शी, करमाळा, मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, कुठल्याही तालुक्यात जा. जुने माळवद पाडण्याचे काम चालू असलेले दिसते. पाडण्याआधी जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन गेलेला असतो. तो तुळया मोजत नाही, खांब मोजत नाही. घराभोवती एक चक्कर मारतो आणि उक्ती रक्कम सांगतो. घरधनी घाईत असतो, गवंड्याला तारीख दिलेली असते, पाऊस तोंडावर असतो. तो हो म्हणतो. टेम्पो भरून लाकूड पुण्या-मुंबईकडे जाते. तिथे तोच नक्षीचा खांब हॉटेलच्या दारात उभा राहतो आणि त्या एकट्या खांबाची किंमत ऐकली तर आपल्याला झीट येईल. इकडे तोच शेतकरी आठ दिवसांनी नवी चौकट विकत आणतो, ओल्या लाकडाची. पहिल्या उन्हाळ्यात ती पिळवटते आणि दार लागत नाही.

आपण कापूस उक्ता विकला की चळवळ त्याला लूट म्हणते. मग लाकूड उक्ते विकले तर त्याला काय म्हणायचे?

आता माळवद म्हणजे नेमके काय, हे तरुण पोरांसाठी सांगतो, कारण त्यांनी ते पाडतानाच पाहिले आहे. गावाला दोन माती असतात. काळी शेताची, पांढरी गावठाणाची. खाली जोत्यावर दगडी उथळे, त्यावर लाकडी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या पट्ट्या नाहीतर फळ्या, त्यावर लिंबाचा किंवा तरवडाचा पाला आणि सगळ्यांच्या वर पांढरी माती. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. घर किती मोठे हे आपले आजोबा चौरस फुटात सांगत नव्हते. पाच खणांचे, सात खणांचे असे सांगत. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा त्या मातीखाली दुपारी झोप लागत असे. आज स्लॅबखाली रात्री बारा वाजताही अंग भाजते. हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

पण भावांनो, जुने ते सगळे सोने असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या शेजारी किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यातली बहुतेक दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या ढिगाऱ्याखाली गेली. त्या दिवसापासून या भागात माळवद म्हणजे मरण अशी भीती बसली, आणि ती खोटी नाही.

भीती खोटी नाही, पण निदान अर्धेच आहे. नंतर इंजिनिअर लोकांनी जे पाहिले ते असे. भिंत दोन-अडीच फूट जाड होती, पण ती एक भिंत नव्हती. बाहेरून एक दगडी थर, आतून एक थर आणि मधे बारीक दगड आणि माती. दोन्ही थरांना आरपार जोडणारा दगडच नव्हता. हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि कोसळले. पुष्कळ घरांत भिंत पडली, पण लाकडी खांब आणि तुळया जागेवर उभ्या राहिल्या. जिथे लाकडी सांगाडाही बसला, तिथे खांब-तुळईचे सांधे नुसत्या कुसावर टेकवलेले होते, आणि डोक्यावरची माती बेसुमार होती.

माती किती बेसुमार? हिशोब करा. दहा फूट बाय दहा फुटांचा खण, त्यावर दीड फूट माती. म्हणजे दीडशे घनफूट. तिचे वजन सहा ते सात टन भरते. बैलगाडीत एक टन धरला तर सहा-सात गाड्या माती एका खणाच्या डोक्यावर. ही माती आजोबांनी एकदम टाकली नव्हती. घर गळले की दर मृगाआधी चार पाट्या टाकल्या. जुनी काढली नाही, नवी चढवली. तीन पिढ्यांत छत जड होत गेले. तीच माती सहा इंचांवर ठेवली तर वजन एक तृतीयांश, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास राहते. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या कर्जातून जो पुनर्वसनाचा कार्यक्रम झाला, त्यात काही गावे नव्या जागी हलवली, आणि इतर अनेक गावांत, सोलापूर जिल्ह्यातही, आहे ती घरे मजबूत करण्याचे काम झाले. त्याचे सूत्र हेच होते: माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरका आधार ठोका आणि घराला कंबरपट्टा बांधा.

हा पट्टा काय असतो ते नीट ऐका, कारण जुन्या लाकडाचा सगळ्यात चांगला उपयोग इथे आहे. दाराच्या वरच्या पातळीवर सगळ्या भिंतींवरून न तुटता फिरणारा पट्टा. काँक्रीटचा करतात तसा लाकडाचाही करता येतो. तीन इंच रुंद आणि दीड इंच जाड अशा दोन लांब पट्ट्या समांतर ठेवायच्या आणि दर वीस इंचांवर आडवी पट्टी ठोकायची. शिडी आडवी ठेवल्यासारखी दिसते. आडव्या पट्ट्यांना आखूड तुकडे चालतात. लांब पट्टी पुरत नसेल तर सांधा एकावर एक घेऊन पक्का ठोकावा, पण कोपऱ्यात पट्टा तुटू देऊ नये. आरपार दगड उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर हवा. लांब दगड मिळत नसेल तर त्या जागी काँक्रीटचा ठोकळा ओतावा.

आता पाडायचेच असेल तर कसे पाडायचे? आधी गेरूने प्रत्येक तुळईवर, खांबावर आकडा घाला आणि वहीत लिहा. किती नग, किती लांब, किती जाड. ही यादी नसेल तर व्यापाऱ्याशी बोलू नका. माती आधी उतरवा, मग पाला, मग पट्ट्या, मग कड्या, शेवटी तुळई. जेसीबी लावला की अर्ध्या दिवसात घर भुईसपाट होते आणि अर्धे लाकूड जळणाचे होते. हाताने उतरवले तर आठ दिवस लागतात आणि लाकूड शाबूत निघते.

मग हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर आत घट्ट आहे. बद्द आवाज आला तर वाळवीने पोखरले आहे. तुळई बहुतेक वेळा भिंतीत गेलेल्या टोकाकडूनच सडते. तेवढे टोक कापले तर दहा फुटी तुळई आठ फुटांची राहते, आणि आठ फुटांतून दाराचा मजबूत उंबरा किंवा चौकटीची बाजू निघते. जुने खिळे करवतीआधी काढा, नाहीतर करवतीचे दात जातात. कापताना आधी लांब माल काढायचा, मग आखूड. तुळईतून चौकट, चौकटीच्या उरल्या तुकड्यातून खिडकी, त्यातून बाजेचे पाय, त्यातून फळी, पाट, देव्हारा. ढलप्या चुलीत. शंभर वर्षे वाळलेले हे लाकूड आता ना आकसते ना पिळवटते. तसे लाकूड आज बाजारात मागून मिळत नाही.

नवे लाकूड लागलेच तर बांधावर बाभूळ आहे. आपल्या सुतारांना तिची रीत ठाऊक होती. तोडलेले ओंडके काही महिने विहिरीत किंवा ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवायचे. आतला रस निघून जातो आणि कीड लागण्याचे भय कमी होते. मग सावलीत, हवेशीर जागी, खाली ठोकळे देऊन वाळवायचे. उन्हात टाकले की चिरते. वर जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्या. ते तेल लाकडात मुरून वाळते. मात्र तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

आणि आपल्या शेतात दरवर्षी पिकणारे बांधकामाचे सामान आपण बांधावर जाळतो, त्याचे काय? पऱ्हाट्या आणि तुराट्या विणून, वर शेणमातीचा गिलावा देऊन कुडाची भिंत होते. गोठ्याला, स्वयंपाकघराच्या आडभिंतीला ती आजही उत्तम. हलकी असते, पडली तरी माणूस मरत नाही. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीच्या भुग्यापासून पार्टिकल बोर्ड तयार करून दाखवला आहे. शहरातल्या कपाटाला लागणारा बोर्ड आपल्या धसकटातून निघू शकतो, पण कारखाना गावाजवळ नाही आणि पऱ्हाटीला भाव नाही. एक दक्षता मात्र घ्या. पऱ्हाटी रचून ठेवताना तिच्यावरची किडकी बोंडे आधी काढून नष्ट करा. गुलाबी बोंडअळी त्यातच दडून पुढच्या हंगामाची वाट बघते.

हे विचार आपल्यापुरते नाहीत. वर्ध्याजवळ, कापसाच्याच मुलखात, सेवाग्रामला गांधीजींची माती-लाकूड-बांबूची कुटी १९३० च्या दशकात बांधली, ती निगा राखल्यामुळे आजही उभी आहे. केरळात लॉरी बेकर नावाच्या वास्तुविशारदाने जन्मभर स्वस्त घरे बांधली. ते २००७ साली वारले. घराचे सामान पाच मैलांच्या आतले असावे, हा विचार गांधीजींकडून घेतल्याचे ते सांगत. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवून मधे पोकळी सोडायची त्यांची रीत होती. त्यात सुमारे पाव विटा वाचतात आणि भिंत थंड राहते.

आता मायबहिणींचे म्हणणे. मातीच्या घराचे कौतुक पुरुष करतात, सारवण बाई करते. पोतेरे तिचे, गिलावा तिचा, गळके छत दिसले की पाटी तिच्या डोक्यावर. तिने स्लॅब मागितला तर ती चुकली असे आम्ही म्हणणार नाही. म्हणून आमचे म्हणणे मातीकडे परत चला असे नाही. जमीन फरशीची करा, छत हलके करा, हवे तर वर पत्रा घाला आणि खाली जुन्या फळ्यांचे तक्तपोस द्या. पण घरातले लाकूड आणि जोत्याचा दगड घरातच राहू द्या. २०१६ पासूनच्या घरकुल योजनेत सपाट मुलखात १ लाख २० हजार रुपयांचा आकडा धरला गेला. तेवढ्यात घर होत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. वरची रक्कम सावकाराकडून येते. चौकटी, खिडक्या, दारे, कपाट आणि जोते घरच्या मालात झाले तर ती वरची रक्कम तेवढी उतरते.

सुताराबद्दलही बोलले पाहिजे. तिफण, कुळव, गाडी, नांगर या सगळ्याला गावात सुतार होता आणि त्याला खळ्यावर बलुते मिळत असे. ट्रॅक्टर आला, लोखंडी अवजार आले, सुतार शहरात प्लायवूड ठोकायला गेला. आज तो गावात परत आला तर आपण त्याला काय देतो? ज्वारीला उत्पादन खर्चावर भाव मागणारे आपण, सुताराच्या मजुरीची वेळ आली की जुने बलुते आठवतो. हे चालणार नाही. घामाचे दाम मागायचे तर घामाचे दाम द्यायलाही लागतात.

शेवटी कायदा. १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याने साग, आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडे आपल्याच शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. हेतू झाडे वाचवण्याचा होता. परिणाम असा झाला की शेतकरी बांधावर साग लावायला कचरतो. जे झाड विकता येत नाही ते कोण लावील? बांबूच्या बाबतीत २०१७ साली केंद्राने वनकायद्यातली झाडाची व्याख्या बदलली आणि शेतातला बांबू मोकळा झाला. जे बांबूला जमले ते शेतकऱ्याने स्वतः लावलेल्या इतर झाडांना का जमू नये?

तेव्हा तीन ठराव बैठकीपुढे ठेवतो. एक, प्रत्येक गावात पाडायच्या घरांच्या लाकडाची यादी झाल्याशिवाय कुणी उक्ता सौदा करू नये, आणि विकायचेच असेल तर चार घरांनी मिळून नगावर विकावे. दोन, सुताराची रोजमजुरी गावसभेत ठरावी आणि रोख द्यावी. तीन, शेतकऱ्याने लावलेले झाड तोडण्या-विकण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळावा, ही मागणी जिल्ह्यातून राज्यापर्यंत न्यावी. ज्यांचे घर या उन्हाळ्यात उतरायचे आहे त्यांनी बैठक संपल्यावर थांबावे. यादी कशी करायची ते एकत्र बसून बघू.